चालतं, चालत नाही

१

नाण्याला कसंही वागवा, ते तक्रार करत नाही. घासा, ठोका, जाळा, गटारात टाका, मुकाट सोसतं. पण सोसलेलं सगळं त्याच्या अंगावर राहतं, आणि ते ओळखायला माणूस लागतो. शहराच्या बस कचेरीत, अगदी मागच्या खोलीत, असा एक म्हातारा माणूस बसायचा. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कुणाच्या तरी तोंडी यायचं. एरवी सगळे त्याला पारखी म्हणत.

काम साधं होतं. बसमध्ये जमलेली चिल्लर एका मोठ्या यंत्रात ओतत. यंत्र ती निवडी, आणि जे नाणं त्याला ओळखू येत नसे ते बाजूच्या बादलीत थुंकून टाकी. ती बादली मागच्या खोलीत यायची. खोलीला एकच खिडकी, तीही उंच, नुसतं आभाळ दाखवणारी. मधे टेबल, टेबलावर हिरवं कापड. पारख्याचं कोपर जिथे टेकायचं तिथे ते विरून खालचं लाकूड दिसायला लागलेलं.

पारखी एकेक नाणं उचले. हे रेल्वेच्या रुळावर ठेवून चपटं केलेलं, पोरांचे उद्योग. हे आगीतून आलेलं, अंगावर मोरपंखी रंग चढलेला. याला भोक पाडून कुणी गळ्यात घातलं होतं, आणि भोकाची वरची कड तेवढी गुळगुळीत, म्हणजे वर्षानुवर्षं घातलं होतं. याची कड खवलेली, म्हणजे त्या घरात पेचकस नव्हता, स्क्रू नाण्यानेच फिरवत. हे पातळ आणि गुलाबी, खिशात तेजाब सांडलं असणार. बघायचं, उलटायचं, गरज पडली तर टेबलाच्या कडेवर वाजवायचं आणि निकाल द्यायचा. निकाल दोनच. एक बाजू जरी ओळखू आली तरी ‘चालतं’. दोन्ही बाजू गेल्या तर ‘चालत नाही’.

निकाल तोंडाने द्यावा लागे, कारण शेजारी दाब्या असायचा. बाद नाणी पुन्हा बाजारात जाऊ नयेत म्हणून भिंतीला ठोकलेल्या दाबाच्या यंत्राखाली घालून तो ती नागमोडी करी. त्या यंत्राने दाब्याच्या एका बोटाचं टोक कधीच खाल्लं होतं. तेव्हापासून तो यंत्रावरची नजर काढत नसे. डावा हात मागे पसरलेला, कान पारख्याकडे. हातात नाणं पडलं, कानावर शब्द पडला, की शब्दाप्रमाणे ते ताटात नाही तर दाबाखाली. इतकी वर्षं शेजारी बसून दोघांनी एकमेकांची तोंडं फारशी पाहिली नव्हती. नवरा-बायकोचं तरी दुसरं काय असतं, असं दाब्या म्हणायचा. त्याने लग्न केलं नव्हतं, म्हणून त्याला या विषयात सगळं कळत असे.

थंडीच्या सुरुवातीला एक दिवस बादलीतून एक नाणं वर आलं आणि पारख्याचा हात थांबला.

नाणं त्याच वर्षाचं होतं. साल स्वच्छ, कड कोरी, कंगोरे बोटाला टोचतील असे. पण ज्या बाजूला चेहरा असतो तिथे चेहराच नव्हता. त्या जागी एक खोलगट वाटी पडली होती. मऊ, गुळगुळीत, एका अंगाला किंचित कललेली. हे अंगठ्याचं काम. खिशात हात घालून एकच नाणं जन्मभर चोळत राहणारी माणसं असतात, त्यांच्या नाण्याला अशी वाटी पडते. पारख्याने तशी पूर्वी पाहिली होती. ती सगळी जुनी, काळपट, आजोबांच्या वयाची. हे तर टांकसाळीतून निघून वर्ष व्हायचं होतं.

हातात काही पडेना म्हणून दाब्याने विचारलं, झोप लागली का. पारख्याने त्याला नाण्याचं सांगितलं. दाब्या यंत्राकडे बघतच म्हणाला, “डोळे तुझे म्हातारे झालेत. नाण्याला कशाला म्हातारं करतोस?”

पारख्याने स्वतःशी हिशेब मांडला. साच्याला तेल लागलं असेल तर छाप नीट उठत नाही. किंवा कुणी रिकामटेकड्याने काचकागदाने घासलं असेल. पण काचकागदाचे ओरखडे दिसतात आणि इथे ओरखडा नव्हता. असो. सालाची बाजू धडधाकट होती, म्हणजे नियमाने निकाल एकच.

“चालतं,” पारखी म्हणाला.

ते दाब्याच्या हातावर ठेवताना त्याला जाणवलं की नाणं कोमट आहे. कुणाच्या मुठीतून आत्ता निघाल्यासारखं. बादली खिडकीखाली होती, ऊन लागलं असेल, असं म्हणून त्याने पुढचं उचललं.

२

पारख्याचं घर म्हणजे दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत चूल, मोरी, त्याचं अंथरूण. आतल्या खोलीत एक लोखंडी पलंग आणि एक कपाट. दोन खोल्यांच्या मधे दार नव्हतं, पडदा होता. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं, तरी तो बाहेरच निजत असे. पलंगावर निजायला जीव धजत नव्हता, आणि पलंग मोडीत काढायलाही.

त्या संध्याकाळी तो घरी आला, हातपाय धुतले, चहाचं आधण ठेवलं. बाहेर अजून उजेड होता. पाण्याला बुडबुडे यायला लागले आणि आतून पावलं वाजली.

फार नाहीत. पलंगापासून कपाटापर्यंत जावं इतकीच.

वरच्या मजल्यावरचा शिंपी, हे पहिलं मनात आलं. पण शिंपी चालला की आवाज डोक्यावर येतो आणि हा समोरून आला होता, फरशीवरून, पडद्याच्या पलीकडून. उंदीर म्हणावं, तर उंदराला टाच नसते. या पावलाला टाच होती. आधी टाच टेकायची, मग बाकीचा पाय सावकाश खाली यायचा, आणि उजवा पाय उचलताना जरासा घासायचा. लग्न झाल्यापासून हा आवाज पारख्याच्या घरात होता. तो ऐकतच तो सकाळी उठायचा. घड्याळ नव्हतं तेव्हा तेच घड्याळ.

चहा उतू गेला. त्याने चूल विझवली आणि पडदा सारला. पलंग होता, गादी गुंडाळलेली होती, कपाटाला कडी होती. फरशीवर धुळीचा पातळ थर, त्यावर एकही ठसा नाही.

तो परत बाहेर येऊन बसला आणि आपणच आपल्याला समजावू लागला. माणूस गेलं तरी कानाची सवय जात नाही. गिरणीवाल्याला गिरणी बंद झाली तरी घरघर ऐकू येते, तसंच हे. समजूत चांगली होती. पण चहाचा पहिला घोट घेताना त्याच्या मनात पाल चुकचुकली. कानाची सवय म्हणावी, तर सवय शेवटच्या दिवसांची असायला हवी. आणि शेवटची कितीतरी वर्षं ती चालतच नव्हती.

३

तिचे पाय आधी जड झाले, मग लाकूड झाले, मग नसल्यासारखेच झाले. डॉक्टरांनी हात टेकले. पलंगाच्या त्या चौकटीत ती राहिली आणि कपाळाला आठी न घालता राहिली. पारखी कचेरीतून आला की आतून पहिली हाक यायची, “अहो, आज काय काय आलं?” मग तो पलंगाच्या कडेवर बसून बादलीतली नाणी एकेक करून सांगायचा. रुळावरचं, आगीतलं, भोकाचं. तो नुसतं नाणं सांगायचा, त्यापुढचं ती सांगायची. भोकाचं नाणं म्हणे एका लहानग्या मुलीच्या गळ्यात होतं, आणि मुलगी मोठी झाल्यावर तिला त्याची लाज वाटायला लागली. पारखी म्हणायचा, शेळीच्या गळ्यातलं असेल. ती म्हणायची, तुमच्या डोक्यात शेळ्याच यायच्या.

कधी एखाद्या वाईट दिवशी ती म्हणे, “मी पण तुमच्या बादलीतलीच आता. चालत नाही.”

तो म्हणे, “एक बाजू ओळखू येते तोवर चालतं.”

“कुठली बाजू ते नका सांगू,” असं म्हणून ती स्वतःच खुदकन हसायची.

तर हे असं होतं. आता तुम्हीच सांगा, दुसरं वाटी पडलेलं नाणं आलं, पारख्याने सवयीने “चालतं” म्हटलं, आणि त्याच संध्याकाळी आतली पावलं कपाटाशी जाऊन खिडकीशी वळली, तेव्हा त्याच्या मनात काय आलं असेल? तिसरं येईपर्यंत त्याने दम धरला. तिसरं आलं. त्याने ते दोन्ही बाजूंनी पाहिलं, वाजवलं, आणि शब्द असा उच्चारला की दाब्या दचकला. त्या संध्याकाळी पावलं खिडकीपासून पडद्याच्या दिशेने निघाली आणि मधेच थांबली, जशी ती पूर्वी काहीतरी विसरलं म्हणून मधेच थांबायची.

पारखी याबद्दल कुणाशी बोलला नाही. बोलण्यासारखं काय होतं? तो रोज दाढी करू लागला. सदरा इस्त्रीचा घालू लागला. ज्या दिवशी तसं नाणं येई त्या दिवशी कचेरी सुटायच्या आधी नळावर तोंड धुऊन केस चापून बसवी. दाब्याला तेलाचा वास गेला. म्हातारपणी कुणाला दाखवायला चाललाय हे थोबाड, असं त्याने विचारलं. पारखी म्हणाला, घरी. घरी कोण आहे, असं दाब्या बोलून गेला आणि मग बराच वेळ नुसता दाब ओढत राहिला.

ज्या दिवशी नाणं येत नसे त्या दिवशी आत शांतता असे. अशी शांतता पूर्वी पारख्याला कधी जड गेली नव्हती. आता तो पडद्यासमोर पाटावर बसून राही आणि चहा निवून जाई.

४

नाणी येत होती, पण प्रत्येक नाणं आधीच्यापेक्षा खराब. आता कडही बोथट झालेली. सालातले आकडे पुसट. एकाला तर सालाच्या ठिकाणी नुसती एका आकड्याची शेपटी उरली होती. इतर कुठलं नाणं असतं तर पारखी क्षणभरही थांबला नसता, “चालत नाही” म्हणून मोकळा झाला असता. त्याने ते खिडकीकडे धरलं, नखाने चाचपलं, डोळे बारीक केले, ती शेपटी कसल्या आकड्याची असू शकते ते मनात ठरवलं आणि “चालतं” म्हणाला. दाब्याने ते ताटात टाकलं, पण टाकताना अंगठ्याने चाचपून पाहिलं. डोकं जरा हलवलं.

संध्याकाळी पावलं पडद्यापर्यंत आली. पलीकडेच थांबली. पडद्याचं कापड जुनं होतं, पातळ होतं, मागच्या खिडकीचा उजेड त्यातून झिरपत होता. त्या उजेडात उभं असल्यासारखं काहीतरी होतं. पारखी पाटावर बसून होता. उठून पडदा सारणं एवढंच काम, पण तो उठला नाही. भीती म्हणावी तर भीती नव्हती. हळदीच्या दिवशी नवऱ्या मुलाला व्हावं तसं काहीतरी होत होतं.

मग त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली आणि ती त्याने कानामागे टाकायचा प्रयत्न केला. पावलं बदलली होती. टाच वाजत नव्हती. उजव्याचं घासणं नव्हतं. आधी काय टेकतं आणि मागून काय येतं हे कळेनासं झालं होतं. पीठ भिजवून केलेला गोळा फरशीवर ठेवावा, उचलावा, पुन्हा ठेवावा, तसा मऊ, चपटा, सारखा आवाज. कुणाचाही असावा असा.

तिचीच आहेत, पारख्याने स्वतःला बजावलं. आणि खात्रीसाठी तिचा चेहरा डोळ्यांसमोर आणायला गेला.

चेहरा आला नाही.

केसांचा भांग आला. कानामागचा तीळ आला. हसताना हनुवटीखाली पडायची ती घडी आली. पण मधली जागा कोरीच राहिली. त्याने डोळे गच्च मिटले, पुन्हा उघडले, पुन्हा मिटले. किल्ली हरवली की माणूस तोच खिसा पुन्हा पुन्हा तपासतो, तसा तो त्याच जागी जात राहिला. जितका गेला तितकी जागा गुळगुळीत होत गेली.

५

सुट्टीच्या दिवशी मुलगी आली. ती दुसऱ्या गावी नांदत होती, नर्स होती, हाताला उरक फार. येताच तिने मोरी घासली, डबे पुसले, बापाच्या सदऱ्याची इस्त्री पाहून भुवया उंचावल्या. तिचं येणं कशासाठी आहे ते पारख्याला ठाऊक होतं. आता तुम्ही माझ्याकडे चला, ही कचेरी पुरे, या खोल्या सोडून देऊ. गेलं वर्षभर तिचं हेच चाललं होतं. या खेपेला ती ठरवूनच आली होती. पुढच्या सुट्टीला जावई टेम्पो घेऊन येणार होता.

पारखी म्हणाला, एवढ्यात नको. का, म्हणून तिने विचारलं. थोडं राहिलंय, एवढंच तो म्हणाला. मुलीला वाटलं नोकरीचं राहिलंय.

मग ती फोटो पुसायला गेली. चुलीच्या वरच्या फळीवर तिच्या आईचा फोटो असायचा. काच मागेच फुटली होती, नुसता कागद चौकटीत होता. मुलीने तो हातात घेतला आणि तशीच उभी राहिली.

“बाबा, हे काय केलंत?”

पारख्याने पाहिलं. पदर होता, खांदे होते, मांडीवर ठेवलेले हात होते. मानेच्या वर एक पांढरा, मऊ, लांबट डाग होता. कागदाचा वरचा पापुद्रा जाऊन आतला कापूस दिसत होता.

“येताजाता हात लावता ना तुम्ही? मी बघितलंय. चहा उकळतो तोवर असा अंगठा फिरवत उभे राहता.” ती रागावली नाही. “पुसून पुसून चेहरा घालवलात की हो आईचा.”

दुसरा फोटो कुठेच नव्हता. तिच्या आईला फोटोचा कंटाळा. लग्नकार्याच्या फोटोंत ती कुणाच्या तरी मागे असायची, नाही तर नेमकी वळलेली.

मुलगी गेल्यावर पारख्याने फोटो परत फळीवर ठेवला. ठेवताना त्याचा अंगठा आपणहून त्या पांढऱ्या डागावर गेला आणि बसला. तंतोतंत बसला. एका अंगाला किंचित कललेला. पारखी आपल्या अंगठ्याकडे बघत राहिला. त्या नाण्यांमधली वाटी त्याने कितीदा हाताळली होती. ती कुणाच्या अंगठ्याची आहे, हे त्या पारखी म्हणवणाऱ्या माणसाला एकदाही सुचलं नव्हतं. तो ती तिच्या अंगठ्याची समजून चालला होता.

६

त्या आठवड्यात बादलीत तसलं काही आलं नाही. पारखी रोज बादलीचा तळ बोटांनी खरवडायचा. टेम्पोचा दिवस जवळ येत होता. एकदा का या खोल्या सुटल्या की पडद्यामागचं जे काही होतं ते कुणापाशी जाणार? नव्या भाडेकरूपाशी? की तसंच उभं राहणार, न येता, न जाता? आपण बोलावलं म्हणून ते इथवर आलं होतं. ती एक बाब त्याच्या मनात पक्की होती.

टेम्पोच्या आदल्या दिवशी दुपारी ते आलं.

त्याला नाणं म्हणावं की नाही हाच प्रश्न होता. दोन्ही बाजू सपाट. साल नाही, चेहरा नाही, आकडा नाही, कडेला कंगोरा नाही. नदीतल्या गोट्यासारखी एक चकती, आणि ऊबदार. पारख्याने ते टेबलाच्या कडेवर हलकेच वाजवलं. आवाज आला नाही. कापसावर वाजवावं तसं.

दाब्याचा हात मागे पसरलेला होता. चार बोटं पूर्ण, एक आखूड.

नियम पारख्याच्या रक्तात होता. यावर एकच शब्द होता. पण तो शब्द उच्चारला तर चकती दाबाखाली जाणार, आणि तिचं काय होणार? दुसरा शब्द उच्चारला तर? तर आज संध्याकाळी पडदा सरेल. आणि समोर जे उभं असेल त्याला चेहरा कुठला असणार?

“बोल की,” दाब्या म्हणाला.

पारख्याने चकती उलटली, पुन्हा उलटली.

“अरे बोल, हाताला मुंग्या आल्या.”

पारख्याने मूठ मिटली. “हे माझ्याकडे राहू दे,” असं म्हणून त्याने चकती सदऱ्याच्या खिशात टाकली. टेबलावरचं त्याने जन्मात कधी खिशात घातलं नव्हतं.

दाबाचा आवाज थांबला. दाब्याने यंत्र सोडून मान वळवली आणि पारख्याच्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग खाली बघून हळू आवाजात म्हणाला, “घरी जा तू. लवकर जा. बादलीचं मी बघतो. बघायचं काय त्यात, सगळी चालतात.”

७

तो घरी पोचला तेव्हा दिवेलागण व्हायची होती. मुलीने गेल्या खेपेला जाताना बांधून ठेवलेल्या बोचक्यांमुळे बाहेरची खोली अनोळखी वाटत होती. पारख्याने दिवा लावला नाही. पाट घेतला, पडद्यासमोर बसला आणि चकती समोरच्या फरशीवर ठेवली.

पडद्याच्या पलीकडे कुणीतरी उभं होतं. आज पावलं वाजली नव्हती. ते आधीपासूनच तिथे होतं.

पडदा फरशीपर्यंत पोचत नव्हता, खाली वीतभर फट होती. पारख्याने नजर खाली नेली. तिथे पाय होता. एकच दिसत होता, पडद्याच्या कडेजवळ टेकलेला. रंग तिचाच, गव्हाळ. पण त्याला बोटं नव्हती. तुटलेली नव्हती, झिजलेली होती. बोटांच्या जागी बोटं असल्याची एक पुसट आठवण होती, जरा उंच, जरा खोल, आणि नखं नव्हती, घोट्याचं हाड नव्हतं. सगळं एकसारखं, मऊ, चकचकीत, खूप हाताळलेल्या वस्तूसारखं.

पारख्याने त्याहून वर पाहिलं नाही. बघायचं म्हटलं तर पडद्यातून दिसलं असतं.

किती लांबून आणली आपण हिला. रोज बोलावली, रोज थोडी झिजवली. पलंगावर होती तेव्हा निदान अख्खी होती. तो शब्द आता म्हटला तर ती बाहेर येईल, पाटासमोर बसेल, आणि आपल्याला ती ओळखू येणार नाही. तिला ते कळेल. बायकांना लगेच कळतं. नको. दमली असेल. जाऊ दे तिला, सुटू दे.

जन्मभर ज्या आवाजात निकाल दिला त्या आवाजात त्याला तो देता येईना. तो अगदी हलके, निजलेल्या मुलाला सांगावं तसं म्हणाला, “चालत नाही.”

पडद्याखालचा पाय हलला नाही. मग तो तिथे नव्हता.

पारख्याने डोळ्यांना बाही लावली. झालं, असं त्याला वाटलं. गेली. आता सकाळी टेम्पो येईल, तेव्हा आपणही जाऊ. त्याने उठायला हात टेकला आणि आत पलंग करकरला.

वजन पडल्यावर लोखंड करकरतं तसा. मग गादी दबल्याचा आवाज. मग पाय उचलून वर घेता येत नसल्यावर माणूस अंग ओढून घेतं, तशी सरपट. आणि मग एक लांब उसासा, ज्याच्यानंतर पूर्वी नेहमी हाक यायची.

पारखी पुन्हा पाटावर बसला. कळायला वेळ लागला, मग कळलं. बाद करायचा शब्द म्हणून आपण जो बोललो, तो पलीकडे जसाच्या तसा ऐकला गेला होता. चालत नाही. म्हणजे आता ती चालत नव्हती. इथेच होती.

अंधार झाला होता. त्याने माठातून पाणी घेतलं, सवयीने अर्धाच पेला भरला, म्हणजे आडवं राहून पिताना सांडू नये. दिव्याच्या बटणाकडे हात गेला, तो त्याने मागे घेतला. पडदा सारून तो आत गेला, अंधारात न ठेचकाळता पलंगापाशी पोचला आणि पाठ करून कडेवर बसला. मागे ऊब होती. गादी त्याच्या बाजूला कलली होती.

“पाणी आणलंय,” तो म्हणाला.

कुणी पेला घेतला नाही. अंधारात कुणीतरी बराच वेळ त्याचा आवाज चाचपत असल्यासारखी शांतता होती. मग मागून विचारलं गेलं, जपून, परक्याला विचारावं तसं.

“कोण?”

आवाज तिचाच होता. त्यात तिळमात्र फरक नव्हता.

“मी आहे,” पारखी म्हणाला.

“मी कोण?”

त्याने पेला फरशीवर ठेवला. मग ओंजळीत तोंड धरून, अगदी सुरुवातीपासून, कुठल्या गावचा, कुणाचा मुलगा, पहिल्यांदा बघायला आलो तेव्हा कुठे बसलो होतो, असं तो एकेक सांगू लागला. मागून मधेच हुंकार येत होता. बाहेर सकाळ झाली, टेम्पोचा भोंगा वाजला, मुलगी जिना चढत “बाबा” म्हणून हाका मारू लागली, तेव्हा तो लग्नापर्यंतही पोचला नव्हता.

“हळू बोल,” त्याने पडद्याआडूनच मुलीला सांगितलं. “आत्ता कुठे ओळख पटत आलीय.”